एकशे सतराव्या दिवसाचं कोकरू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन रविवारांपूर्वी आपल्या आरोग्य पुरवणीत ‘गरोदरपणी स्टेरॉइड? सावधान!’ असा लेख आला होता. सांधेदुखीच्या पुड्यांमधून, गोरेपणाच्या मलमांतून न सांगता दिली जाणारी स्टेरॉइडं, त्याने सुजलेले चेहरे, ठिसूळ झालेली हाडं, हे सगळं त्यात बरोबर होतं. आमच्या भागात बाजाराच्या दिवशी असल्या पुड्या विकणारा माणूस मी स्वतः हाकलून लावलेला आहे. पण शेवटच्या परिच्छेदात लेखकाने एका ओळीत उरकून टाकलं, की गरोदर बाईने स्टेरॉइडचं इंजेक्शन कुठल्याही परिस्थितीत घेऊ नये, बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो. त्या एका ओळीसाठी हे पत्र. लांबेल, त्याबद्दल आधीच माफी मागते.

मी छत्तीस वर्षं सरकारी परिचारिका होते. त्यातली बहुतेक वर्षं प्रसूतीच्या खोलीत गेली. 2018 साली निवृत्त झाले.

आपला लेख आला त्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या चुलत जावेची सून जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात भरती झाली. एकतिसावा आठवडा, पाय सुजलेले, बीपी 160 च्या वर, लघवीत प्रथिनं. डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना सांगितलं की बीपी आटोक्यात नाही राहिलं तर बाळ लवकर काढावं लागेल, म्हणून आधी बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची चार इंजेक्शनं देऊन ठेवू. जाऊबाईंच्या थोरल्या लेकाने पिशवीतून आपल्या पुरवणीचं कात्रण काढलं आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं. “ह्यात छापलंय मॅडम. आमाला न्हाई द्यायचं.” सही द्यायलाही नकार. रात्री नऊ वाजता मला फोन आला. “काकी, तुमी तरी सांगा, पेपरात खोटं कशाला छापतील?”

पेपरात खोटं छापलंय असं मी त्याला म्हणाले नाही. अर्धवट छापलंय, एवढंच म्हणाले आणि सकाळची पहिली एसटी पकडून गेले.

ही गोष्ट मला कशी ठाऊक झाली, ते सांगायला मला मेंढरांपासूनच सुरुवात करावी लागते.

आम्ही माण तालुक्यातले धनगर. माझे वडील बकऱ्यांमागं असायचे. आमच्याकडे मेंढरांना बकरीच म्हणतात, शेळ्या म्हणजे शेरडं. दसरा-दिवाळी झाली की वाडा, म्हणजे आमचा तळ, हलायचा. घोड्यावर संसार लादायचा, त्यातच नुकती जन्मलेली कोकरं बांधायची, आणि कृष्णाकाठच्या रानारानांतून बकरी बसवत जायचं. शेतकऱ्याला खत मिळायचं, आम्हाला धान्य. चौथीपर्यंत मी अशीच हिंडले, मग आत्याकडे राहून शाळा शिकले. वडिलांना लिहिता येत नव्हतं, पण कुठली बकरी कधी व्यायची याचा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का असे. पाच महिने. चार-दोन दिवस इकडे तिकडे.

कधी लांब चालीने, कधी धडपडून एखादी बकरी आधीच गाभडायची. महिनाभर आधी पडलेलं कोकरू मी पाहिलेलं आहे. आकार पुरता कोकराचा, अंगावर विरळ लोकर, डोळे मिटलेले. वडील त्याच्या नाकातला चिकटा बोटाने काढायचे, तोंडाने हवा भरायचे, घोंगड्याने खसाखसा पुसायचे. दोन-चार उचक्या यायच्या, बरगड्या आत जायच्या, की संपलं. मी रडायला लागले की म्हणायचे, “न्हाई जगत पोरी. दम भरल्याला न्हाई त्येच्यात अजून.”

पुढे नर्सिंगला गेले, फुप्फुसाची चित्रं पाठ केली. वडिलांचा ‘दम’ म्हणजे नेमकं काय हे तिथंही कुणी सांगितलं नाही. ते कळलं 2015 साली, साताऱ्यातल्या एका प्रशिक्षणात. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी.

केंद्र सरकारने जून 2014 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या: चोवीस ते चौतीस आठवड्यांच्या दरम्यान वेळेआधी कळा सुरू झाल्या, तर मातेला डेक्सामेथासोन द्यायचं. सहा मिलिग्रॅम, म्हणजे दीड मिली, कमरेत किंवा मांडीत, दर बारा तासांनी, एकूण चार वेळा. आणि उपकेंद्रावरच्या एएनएमनेसुद्धा, म्हणजे गावपातळीवरच्या परिचारिकेनेसुद्धा, मातेला पुढे पाठवण्याआधी पहिला डोस द्यायचा. त्याचंच प्रशिक्षण. आम्ही साठ-सत्तरजणी, पंखे फिरतायत, जेवणानंतरची वेळ. पुण्याहून आलेले एक तरुण बालरोगतज्ज्ञ बोलत होते. निम्म्या डुलक्या घेत होत्या, मीही त्यांतलीच. तेवढ्यात कानावर आलं: “हा शोध मेंढ्यांवर लागला.”

मी जागी झाले.

त्यांनी सांगितलं ते असं. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. जन्म 1926 चा, थेम्स नावाच्या लहान गावातला, वडील तिथलेच डॉक्टर. सगळे त्यांना ‘मॉन्ट’ म्हणत. लहानपणी चित्रकथेतल्या एका उंदरावरून पडलेलं नाव, ते ‘सर’ झाल्यावरही सुटलं नाही. 1959 पासून ते ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये. तिथे त्यांचे सहकारी होते बिल लायली, ज्यांनी 1963 मध्ये आईच्या पोटातल्या बाळाला रक्त चढवून दाखवलं. संशोधनाला विषय कोणता घेऊ, असं लिगिन्सनी लायलींना विचारलं. प्रश्न मोठा हवा आणि सुटण्यासारखा हवा, असा सल्ला मिळाला. लिगिन्सनी घेतला तो प्रश्न मोठा होता खरा, सुटण्यासारखा मात्र नव्हता: बाळंतकळा सुरू कशा होतात? वेळेआधी का होतात?

त्यांना वाटत होतं, कळांची घंटा आई वाजवत नाही, बाळच वाजवतं. माणसावर हे तपासता येईना, म्हणून मेंढ्या. न्यूझीलंडात त्यांना काय तोटा! पोटातल्या कोकराची मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी नष्ट केली, तर दिवस उलटून गेले तरी मेंढी व्यायचीच नाही. उलट कोकराला कॉर्टिसॉलसारखं स्टेरॉइड टोचलं, तर ती आधीच व्यायची. म्हणजे घंटा बाळाच्याच हातात. मेंढीपुरतं तरी हे सिद्ध झालं. बायकांच्या बाबतीत मात्र ते तसं निघालं नाही. स्टेरॉइड दिल्याने बाईला कळा येत नाहीत. ज्यासाठी आयुष्य लावलं ते उत्तर आपल्या बायकांना लागू पडलंच नाही.

पण मधल्या काळात एक कोकरू जगलं.

“मेंढीचा गर्भकाळ साधारण एकशे सत्तेचाळीस दिवसांचा,” डॉक्टर सांगत होते. “हे कोकरू एकशे सतराव्या दिवशी जन्मलं होतं. त्याला पोटात असताना स्टेरॉइड दिलेलं होतं. खरं तर ते जन्मताच मरायला हवं. पण ते श्वास घेत होतं.”

सभागृहात कुणाला काही वाटलं नाही. आकडेच ते, एकशे सतरा काय आणि एकशे सत्तेचाळीस काय. माझ्या अंगावर मात्र काटा आला. तीस दिवस! पुरता एक महिना आधीचं कोकरू. मी हात वर केला आणि भर सभेत म्हणाले, “सर, असं कोकरू जगत न्हाई.” बोलताना माझी भाषासुद्धा वाड्यावरची झाली. बायका हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, “सिस्टर, लिगिन्सनाही नेमकं हेच वाटलं होतं.”

ते कोकरू शेवटी गेलंच. पण त्याची फुप्फुसं उघडून पाहिली तर त्यांत हवा शिरलेली होती. इतक्या आधीच्या कोकराचं फुप्फुस काळजाच्या तुकड्यासारखं घट्ट असतं, पाण्यात टाकलं तर बुडतं. हे हलकं झालेलं होतं. दुसरा एखादा असता तर ‘आपला विषय कळांचा, फुप्फुसांचं बालरोगवाले बघतील’ म्हणून पुढच्या मेंढीकडे वळला असता. लिगिन्स तिथंच थांबले. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

दम म्हणजे काय, हे तोवर अमेरिकेत मेरी एलन एव्हरी या डॉक्टर बाईंनी शोधून ठेवलं होतं. 1959 मध्ये त्यांनी आणि जेरे मीड यांनी दाखवून दिलं, की श्वास न लागून दगावलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसांत एक साबणासारखा पदार्थ कमी असतो. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. दुधाची रिकामी पिशवी धुऊन ठेवली की तिच्या आतल्या बाजू एकमेकींना कशा चिकटून बसतात! फुप्फुसातले बारीक फुगे तसेच आतून ओले असतात. हा साबण असेल तर श्वास सोडल्यावरही ते थोडे उघडे राहतात. नसेल तर दर श्वासाला नव्याने फाडून उघडावे लागतात, आणि किलो-दीड किलोचं बाळ ते किती वेळ करणार? तासागणिक थकत जातं. कण्हतं. बरगड्या आत जातात. अमेरिकेच्या अध्यक्षांचा, केनेडींचा मुलगा ऑगस्ट 1963 मध्ये साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच दुखण्याने दोन दिवसांच्या आत गेला. अध्यक्षाच्या पोराला जे मिळू शकत नव्हतं, ते माणच्या पोराला कुठून मिळणार होतं?

लिगिन्सच्या लक्षात आलं, की स्टेरॉइडने हा साबण लवकर तयार होतो. त्यांच्याच दवाखान्यात रॉस हॉवी नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. दोघांनी मिळून डिसेंबर 1969 मध्ये मातांवरची चाचणी सुरू केली. एका गटाला बीटामेथासोन, हे डेक्सामेथासोनसारखंच स्टेरॉइड, दुसऱ्याला दिसायला सारखंच पण सौम्य इंजेक्शन. कोणाला काय मिळालं ते ना आईला ठाऊक, ना सुईणीला. पहिल्या 282 मातांचे निकाल 1972 मध्ये छापले. वेळेआधी आपोआप कळा सुरू झालेल्या मातांमध्ये पहिल्या आठवड्यात दगावणारी बाळं साध्या गटात शंभरात 15, औषधाच्या गटात 3.2. आणि बत्तीस आठवड्यांच्या आतली, जन्माआधी किमान चोवीस तास औषध मिळालेली बाळं वेगळी काढली, तर श्वासाचा त्रास झालेली 69.6 टक्क्यांवरून 11.8 टक्क्यांवर आली होती.

हा शेवटचा आकडा मी वहीत उतरवून घेतला आणि त्याखाली ‘फेब्रुवारी 1996’ असं लिहिलं. शेजारणीने विचारलं, हे काय? मी काही बोलले नाही.

फेब्रुवारी 1996 मध्ये मी एका ग्रामीण दवाखान्यात होते. ऊसतोडीहून परत आणलेली एक बाई आली, एकविसेक वर्षांची, पहिलटकरीण. मोळी उचलताना पोटात कळ आली म्हणाली. शेवटची पाळी कधी? “बेंदराच्या दोन दिस आदी.” आमच्याकडे तारखा अशाच मिळत. बेंदूर, पंचमी, म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ. त्यासाठी मी मागच्या दोन वर्षांची कॅलेंडरं खिळ्याला अडकवून ठेवत असे. मोजले तर एकतीस आठवडे भरत होते. (माझ्या बापाला प्रत्येक बकरीचा दिवस ठाऊक होता, आणि आमच्या बायकांना त्यांचा स्वतःचा नव्हे. पण तो दोष बायकांचा नाही. त्यांना कुणी कधी विचारतच नव्हतं.) कळा मंद होत्या. डॉक्टर रजेवर. मी सलाईन लावलं, जीपसाठी निरोप धाडला. जीप यायला चार तास लागले. तिथून जिल्ह्याला. बाळंत झाली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

म्हणजे माझ्या टेबलापासून बाळाच्या जन्मापर्यंत तीसेक तास गेले. आणि माझ्या डाव्या हाताच्या कपाटात, ॲलर्जीसाठी आणि दम्यासाठी ठेवलेल्या ट्रेमध्ये, डेक्सामेथासोनच्या बाटल्या होत्या. हात लांबवला असता तर लागल्या असत्या.

मुलगा झाला होता, दीड किलोचा. तिसऱ्या दिवशी गेला. त्याची आजी महिन्याभराने रेशनकार्डाच्या कामाला आली तेव्हा मला सांगून गेली, “लई कन्हत हुतं बाई, म्हातारं मानूस कन्हतं तसं.”

ऑकलंडचे आकडे छापून आले त्याला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. मी दहावीच्या आत होते तेव्हाची गोष्ट. पण माझ्यापर्यंत ती कुणी पोचवली नव्हती, आणि मी तरी कुठे विचारलं होतं? हे फक्त आपल्याकडेच असं होतं असंही नाही. प्रशिक्षणात त्या डॉक्टरांनी पडद्यावर एक चिन्ह दाखवलं. गोलात सात आडव्या रेघा, मधून एक उभी रेघ, खाली पत्त्यांतला असतो तसा बारकासा चौकट. मला ती पडलेली शिडी वाटली. ते कॉक्रेन नावाच्या संस्थेचं चिन्ह, 1993 सालापासूनचं. जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र मांडून खरं काय ते पाहणारी ही संस्था. त्या सात रेघा म्हणजे याच इंजेक्शनाच्या सात चाचण्या. सुट्या पाहिल्या तर काही रेघा उभी रेघ ओलांडून पलीकडे जातात, म्हणजे ‘उपयोग आहे की नाही, सांगता येत नाही’. सगळ्या एकत्र केल्या की खालचा चौकट डाव्या बाजूला स्वच्छ उभा राहतो: बाळं वाचतात. ही बेरीज कुणी वेळेवर केली नाही म्हणून वर्षानुवर्षं डॉक्टर कचरत राहिले. 1994 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांची बैठक होऊन ‘हे द्याच’ असं ठरलं, तोवर तिथेही लहान बाळांच्या पाचातल्या एका आईलासुद्धा ते मिळत नव्हतं. त्या संस्थेने डॉक्टरी जगाच्या या उशिराचीच खूण आपल्या छातीवर लावून घेतली. मला ते आवडलं.

आता आपल्या लेखातल्या मेंदूच्या ओळीकडे येते. लिगिन्स-हॉवींची चाचणी पुढे 1974 पर्यंत चालली, 1,142 माता झाल्या. त्या बाळांना कुणी विसरून गेलं नाही. तिशी गाठलेल्या त्या मुलामुलींना शोधून, बोलावून तपासलं गेलं. निकाल 2005 मध्ये छापले. बुद्धी, स्मरण, मनःस्थिती, रक्तदाब, यांत दोन गटांत फरक नव्हता. साखर पाजून केलेल्या तपासणीत इन्सुलिनचा थोडा फरक दिसला, तोही त्यांनी लपवला नाही. इतकी वर्षं पाठपुरावा झालेलं दुसरं औषध प्रसूतीच्या खोलीत तरी मला माहीत नाही.

लपवलं नाही यावरून आणखी एक. 1972 च्या त्या पहिल्या लेखातच लिगिन्स-हॉवींनी लिहून ठेवलं होतं, की बीपी खूप वाढलेल्या, सूज आणि लघवीत प्रथिनं असलेल्या मातांमध्ये औषधाच्या गटात पोटातच बाळं दगावण्याचा धोका कदाचित जास्त असेल. म्हणजे अगदी आमच्या सुनेसारख्या मातांमध्ये. आपल्याच शोधावर आपणच बोट ठेवायचं, तेही पहिल्याच लेखात! पुढच्या चाचण्यांमध्ये ती भीती खरी ठरली नाही, आणि आज बीपीवाल्या मातांनाही हे औषध देतात. पण त्या मुलाला, माझ्या पुतण्याला, मी दवाखान्याच्या व्हरांड्यात हे सगळं सांगितलं तेव्हा त्याचा विश्वास बसला तो ‘वाचतात’ या शब्दामुळे नव्हे, या कबुलीमुळे बसला. “म्हंजी त्यांनी स्वताच सांगितलं हुतं व्हय?” एवढंच तो म्हणाला आणि सही करायला आत गेला.

लिगिन्सबद्दल एक सांगायचं राहिलं. पुढे हे गृहस्थ अंटार्क्टिकाला गेले, वेडेल सील नावाच्या प्राण्यांचा अभ्यास करायला. हे सील खोल पाण्यात बुडी मारतात तेव्हा त्यांची फुप्फुसं दाबाखाली मिटतात आणि वर आल्यावर पुन्हा उघडतात. कशी उघडतात, हा प्रश्न. मला हे ऐकून हसू आलं. माणूस बर्फात गेला तरी मिटलेल्या फुप्फुसातच त्याचा जीव अडकलेला! 2010 साली ते वारले. ऑकलंडमध्ये त्यांच्या नावाची संशोधन संस्था आहे.

आता लेखकाच्या बाजूचंही बोलते, कारण ‘सावधान’ हा शब्द अगदीच फुकटचा नाही. हे इंजेक्शन चांगलं म्हणून सरसकट सगळ्यांना द्यावं का, हे सहा देशांत गावपातळीवर तपासून पाहिलं गेलं. त्यात आपलं नागपूर होतं आणि बेळगावही. लाखभर बाळंतपणांचा हिशेब. निकाल 2014 च्या ऑक्टोबरमध्ये आला, म्हणजे आपल्या सरकारी सूचना निघाल्यानंतर चारच महिन्यांनी. जिथे इंजेक्शनचा प्रसार केला त्या गावांमध्ये अगदी लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, आणि सगळी बाळं धरली तर मृत्यू हजारी साडेतीनने वाढले होते. मातांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही जास्त आढळली. ज्यांना इंजेक्शन मिळालं त्यांतल्या बहुतेकींची बाळं तितकी लहान नव्हतीच. दिवस नीट मोजलेले नव्हते.

हे मला कळलं तेव्हा मी आठवडाभर अस्वस्थ होते. मग जागतिक आरोग्य संघटनेने पुन्हा चाचणी केली: भारतासह पाच देश, 29 रुग्णालयं, 2,852 माता. पण या वेळी सोनोग्राफीने दिवस पक्के केलेले, प्रसूती खरोखर जवळ आलेली, संसर्ग नसलेला, आणि बाळाला सांभाळायची सोय असलेल्या दवाखान्यात. नवजात मृत्यू 23.5 टक्क्यांवरून 19.6 टक्क्यांवर आले. फायदा इतका उघड होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. 2020 मध्ये हे छापून आलं, त्याच वर्षी हेच डेक्सा कोविडच्या वॉर्डात घरोघरच्या तोंडी झालं होतं. पुतण्याच्या बापालासुद्धा तेव्हा तेच दिलं होतं, हे मी त्याला आठवण करून दिलं.

तर संपादक महाशय, हे इंजेक्शन सावधपणे द्यायचं ते असं: दिवस मोजून, ताप-संसर्ग पाहून, आईच्या साखरेवर लक्ष ठेवून, आणि बाळासाठी उबदार जागा नि ऑक्सिजन असलेल्या ठिकाणी. ‘कुठल्याही परिस्थितीत घेऊ नये’ ही सावधगिरी नाही. फेब्रुवारी 1996 मध्ये मी तशीच सावध होते.

माझ्या मागण्या दोन. एक, पुरवणीत जिथे ती ओळ छापली तिथेच, तेवढ्याच अक्षरात दुरुस्ती छापावी. आतल्या पानावर कोपऱ्यात नको. आमच्याकडे कात्रणं पुरवणीची निघतात. दोन, आपल्या लेखकाला, ते डॉक्टर असतील तर जास्तच, एवढं सांगावं की उपकेंद्रावरच्या मुलींना लोक आता हे कात्रण दाखवतील. त्यांच्या हातात दीड मिलीची सिरिंज असेल आणि समोर पेपर असेल. मी साठीच्या पुढची आहे, मला लोक ऐकतात. बावीस वर्षांच्या एएनएमचं कोण ऐकणार?

त्या मुलींनाही जाता जाता एक सांगते. पहिला डोस दिलात की वेळ चिठ्ठीवर लिहा. ‘डेक्सा दिले’ एवढं लिहून चालत नाही; किती वाजता ते लिहा. पुढच्या दवाखान्यात वेळ सापडली नाही की पुन्हा पहिल्यापासून देतात, किंवा कुणीतरी दिलं असेल म्हणून कुणीच देत नाही. दोन्ही मी पाहिलेलं आहे.

आमच्या सुनेला चार डोस झाले: बुधवारी दुपारी साडेबारा, रात्री साडेबारा, गुरुवारी दुपारी, रात्री. बीपी गोळ्यांनी खाली आलं आहे, बाळ अजून पोटातच आहे. काल सोनोग्राफीवाल्यांनी बत्तीस आठवडे आणि तीन दिवस सांगितले. डॉक्टरीणबाई म्हणतात, जितके दिवस ढकलता येतील तितके ढकलू. त्या चार वेळा मी हाताशी दुसरा कागद नव्हता म्हणून आपल्या पुरवणीच्या कात्रणाच्या कोऱ्या कडेवर लिहिल्या होत्या, नंतर केसपेपरवर उतरवल्या. कात्रण माझ्याकडेच आहे. दुरुस्ती छापताना उपयोगी पडणार असेल तर त्याचा फोटो पाठवते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
ता. माण, जि. सातारा
(सुनेच्या घरच्यांची ओळख पटू नये म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.)